मास्तरकी सोडून सायकलचं दुकान

पोरगा काय करतो, असं कुणी विचारलं की मेकॅनिक आहे हे सांगताना घरचे आजही जरा आवाज खाली घेतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र एका माणसानं मुंबईतली मास्तरकी सोडली आणि बेळगावात येऊन तो सायकली विकायला, दुरुस्त करायला लागला. पुढं त्याच हातांनी लोखंडी नांगर केला. माळरानावर कारखाना उभा केला. त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. हातात पाना धरायचा की नाही हे ठरवताय? मग त्याआधी ही गोष्ट वाचून घ्या.

आपल्या परभणीत पहाटे पोलिस भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असतात. स्पर्धा परीक्षा देणं चुकीचं नाही. पण जागा थोड्या, फॉर्म ढीगभर, आणि दोन-चार वर्षं कधी निघून गेली ते कळतही नाही. त्याच वेळी ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला तर चांगल्या मिस्त्रीची वाट बघत बसावं लागतं. विहिरीतली मोटर जळाली की पिकाचं पाणी लांबतं. काम आहे, पण ते शिकून करायला सुशिक्षित पोरगा तयार नाही. अडतं कुठं? बऱ्याचदा हुशारीत नाही, लाजेत अडतं.

लक्ष्मणरावांच्या काळात ही लाज आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होती.

रंग दिसेनात, पण रेघ पक्की

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकाचे जनक म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. म्हणजे घर पोथ्यापुस्तकांचं. मुलानं शिकून चांगली नोकरी धरावी, एवढीच अशा घरातली अपेक्षा.

पण लक्ष्मणचं मन शाळेत रमेना. त्याला चित्रं काढायला आवडायची आणि वस्तू उघडून बघायला आवडायचं. वडिलांचा विरोध होता. थोरले भाऊ रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले. त्यांनी खर्चाचा भार उचलला आणि लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तिथं एक वेगळंच संकट आलं. त्याच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नव्हता. ज्याला आपण रंगांधळेपणा म्हणतो, तो थोड्या प्रमाणात होता. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला रंगच ओळखू येत नाहीत म्हटल्यावर पुढं काय? बारावीला सायन्स घेतलं आणि जमेना, किंवा भरतीत उंची एक सेंटिमीटरनं कमी भरली, असा अनुभव ज्यांना आहे त्यांना ही अवस्था कळेल.

लक्ष्मणनं इथं एक साधी गोष्ट केली. आपल्याला काय जमत नाही हे मान्य केलं आणि जे जमतंय तिकडं वळला. रंग जमत नव्हते, पण रेघ पक्की होती. यंत्राचं रेखाटन काढायला रंग लागत नाहीत. लागते ती अचूक माप घेणारी नजर, स्थिर हात आणि एखादा सुटा भाग आतून कसा असेल हे डोक्यात उभं करण्याची ताकद. त्यानं यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि मुंबईत नव्यानंच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्याला रेखाटन शिकवण्याची नोकरी मिळाली. ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती.

आता तो लक्ष्मणराव झाला, मास्तर झाला. पण फळ्यावर यंत्र काढून त्याचं समाधान होईना. संस्थेतच वर्कशॉप होतं. तिथली यंत्रं कशी चालतात, कुठला दाता कुठं बसतो, कशाची झीज आधी होते, हे ते हात लावून शिकत गेले. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडं नव्हती. त्यांचं इंजिनिअरिंग झालं ते कागदावरची रेघ आणि वर्कशॉपमधलं लोखंड यांच्यामध्ये ये-जा करत.

बढती हुकली, वाट बदलली

सगळं सुरळीत चाललं असतं तर लक्ष्मणराव कदाचित मुंबईतच निवृत्त झाले असते. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. काम येतं की नाही याला किंमत नाही, कातडीच्या रंगाला आहे, हे कळल्यावर त्यांनी नोकरी सोडली.

यात एक बारीक गोष्ट आहे, आणि ती रागाच्या भरात राजीनामा देणाऱ्यांनी नीट बघावी. नोकरी सोडली तेव्हा लक्ष्मणरावांच्या हाताला काम नव्हतं असं नाही. मुंबईत एकाला सायकल चालवताना बघून त्यांच्या डोक्यात आधीच एक कल्पना आली होती. आपल्याकडं तेव्हा सायकल हे नवलाचं वाहन होतं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे आणि रामूअण्णा तिथं त्या विकायचे. एका सायकलची किंमत सातशे रुपयांपासून हजारापर्यंत जायची. त्या काळाच्या मानानं ही चैनीची वस्तू. आणि घेणाऱ्याला ती चालवता कुठं यायची? म्हणून रामूअण्णा सायकल चालवायलाही शिकवायचे आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे.

किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात १८८८ पासून धरली जाते. लक्ष्मणराव तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. तुमच्यापैकी बरेच जण आज त्याच वयाचे असतील. पुढं नोकरी सोडल्यावर ते बेळगावला आले आणि पूर्ण वेळ याच कामाला लागले. हे दुकान ज्या रस्त्यावर होतं, त्याला नंतर किर्लोस्कर रोड हेच नाव मिळालं.

सायकलच्या दुकानानं लक्ष्मणरावांना काय दिलं असेल? दुरुस्तीला आलेली वस्तू कुठं मोडली हे दाखवते, आणि मोडलेली जागा म्हणजे बनवणाऱ्यानं जिथं कमी विचार केला ती जागा. यंत्र बनवायचं असेल तर आधी बरीच यंत्रं उघडलेली असावी लागतात. गावातला जुना मिस्त्री आवाज ऐकून इंजिनचा दोष सांगतो. ती जादू नाही, अशी शेकडो इंजिनं त्यानं उघडलेली असतात.

सहा नांगर, दोन वर्षं

सायकलीनंतर लक्ष्मणरावांची नजर गेली शेतकऱ्याच्या गोठ्याकडं. जनावराला अख्खा कडबा टाकला की ते पानं खातं आणि बुडखे तसेच ठेवतं. निम्मी वैरण पायाखाली जाते. म्हणून त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं. आज जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या गोठ्यांत विजेवर चालणारी कडबाकुट्टी असते, तिचा हा हातानं चालवायचा पूर्वज.

मग आला नांगर. आपल्याकडचा जुना नांगर लाकडी. तो जमीन ओरखडतो, पण उलटी करत नाही. आपल्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा किती खोल मुळं धरतात ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. लोखंडी नांगराचं पातं माती उचलतं आणि पालथी घालतं, त्यामुळं तणाच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. परदेशातून असे नांगर येत होते. लक्ष्मणरावांनी १९०३ मध्ये स्वतःचा लोखंडी नांगर तयार केला.

आणि तो खपेना!

लोखंडानं जमिनीला विष चढेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षांत सहा. आज दुकान टाकून दोन महिन्यांत गिऱ्हाईक आलं नाही की आपण शटर ओढतो.

शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण शेतकऱ्याच्या जागेवर बसून बघा. वर्षाचं एकच पीक, पाऊस आला तर आला. त्यात कुणीतरी शहरातून शिकून आलेला माणूस सांगणार की बापजाद्यांपासून चालत आलेला नांगर टाकून दे. तो जपूनच पाऊल टाकणार. अशा माणसाला भाषण पटत नाही. शेजारच्या रानात तोच नांगर चालला, पीक चांगलं आलं, फाळ झिजला तेव्हा नवा मिळाला, मोडला तेव्हा दुरुस्त करून मिळाला, मग तो पटतो. हा भरवसा तयार व्हायला वेळ लागतो आणि त्याला दुसरा रस्ता नसतो. गावात नवीन गॅरेज टाकणाऱ्यालाही पहिली दोन वर्षं हेच करावं लागतं.

निवडुंगाच्या माळावर

जरा कुठं बस्तान बसतंय तोवर बेळगावच्या नगरपालिकेनं जागा सोडायला सांगितलं. तिथं नवी वस्ती व्हायची होती. यंत्रं, भट्टी, माणसं घेऊन जायचं कुठं?

मदतीला आले औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांची आणि लक्ष्मणरावांची आधीपासून ओळख होती. बाळासाहेब स्वतः कलावंत, आणि आपल्या संस्थानात उद्योग यावा अशी त्यांची इच्छा. त्यांनी १० हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. रेल्वेच्या कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन मिळाली. जमीन म्हणजे काय, तर निवडुंग, दगडधोंडे आणि साप. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येतं आणि रेल्वे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी असंच आहे.

लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत होते. बावीसाव्या वर्षी आपलं करिअर संपलं असं वाटणाऱ्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.

माणसं कशी निवडली

सोबत होती २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं. या मंडळींची यादी आजच्या एखाद्या कंपनीच्या एचआरसमोर ठेवली तर तो कपाळाला हात लावेल. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार सांभाळला. के. के. कुलकर्णी हे शिक्षणात अपयशी ठरलेले, ते व्यवस्थापक झाले आणि पडेल ते काम करणारे हुकमी गृहस्थ ठरले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि कचेरी बघितली. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडलेली, पण यंत्राच्या बाबतीत डोकं असं चालायचं की ते कारखान्याचे कल्पक इंजिनिअर बनले. रात्रीच्या पहाऱ्यावर होते दरोड्याची शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. ज्यांच्या नावानं लोक दारं लावून घेत, त्यांच्याच हाती वसाहतीची राखण दिली आणि त्यांनी ती चोख केली.

लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी घातली. एकाच भट्टीसमोर, एकाच साच्याशेजारी माणसं काम करू लागली. वितळलेलं बीड साच्यात ओतताना दोघांचा हात एकत्र चालला नाही तर दोघंही भाजतात. तिथं माणसाची जात बघून चालत नाही, त्याचा हात बघावा लागतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लोखंडाचं काम लक्ष्मणरावांनी पहिल्यांदा केलं असं नाही. आपल्या गावगाड्यातले लोहार, सुतार, पालं ठोकून गावोगाव फिरणारे घिसाडी, हे पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले. विळा, कुऱ्हाड, वखराची पास त्यांच्याच हातची. पण त्यांना कुणी बिनव्याजी दहा हजार दिले नाहीत. रेखाटन शिकायला मुंबईला पाठवणारा भाऊ प्रत्येकाला मिळाला नाही. वरच्या मानल्या गेलेल्या घरातला एक पोरगा हात काळे करायला बसला तेव्हा त्याची बातमी झाली. ज्यांचे हात आधीपासून काळे होते त्यांची झाली नाही. म्हणून लक्ष्मणरावांची गोष्ट वाचताना फक्त त्यांच्या जिद्दीला टाळ्या देऊ नका. जिद्दीला रेखाटनाचं शिक्षण, भावाचा आधार, भांडवल आणि जागा मिळाली तेव्हा कारखाना झाला. आपल्या पोरांना यातलं काय मिळतंय आणि काय मिळत नाही, हा प्रश्न आजही तितकाच ताजा आहे.

नांगरापासून पंपापर्यंत

पुढच्या काळात वाडीतून नांगराबरोबर ऊस गाळायचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप बाहेर पडू लागले. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणं अवघड झालं, तसं देशी अवजारांना गिऱ्हाईक वाढलं. पण कच्चं लोखंड आणि कोळसा मिळवतानाही दमछाक झाली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघालं. त्यातून पुढं मराठी वाचकांच्या घरात पोचलेलं किर्लोस्कर मासिक उभं राहिलं. कारखान्याच्या आवारातून मासिक निघतं, ही गोष्ट आपल्याला आज नवलाची वाटते. लक्ष्मणरावांच्या वाडीत हातानं काम करणारा आणि डोक्यानं काम करणारा अशी भिंत घातलेली नव्हती, म्हणून ते झालं.

थोरला मुलगा शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेला, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि १९२६ मध्ये परत वाडीत आला. बापाकडं पदवी नव्हती, म्हणून मुलाला पदवीची गरज नाही असं लक्ष्मणराव म्हणाले नाहीत. हे महत्त्वाचं आहे. हातातलं कौशल्य विरुद्ध पदवी असं भांडण त्यांनी कधी लावलंच नाही. पुढं पंप आले, डिझेल इंजिनं आली. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रं बनवणारी यंत्रं करण्यासाठी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी सुरू झाली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली.

विहिरीच्या काठावर धडधडणारं डिझेल इंजिन तुमच्या आजोबांना विचारा. हँडल मारून ते चालू करायचं, पट्टा चढवायचा आणि पाटाला पाणी सोडायचं. त्या इंजिनांनी कोरडवाहू रानाला पाणी दाखवलं आणि गावोगाव नवा माणूसही तयार केला, इंजिनचा मिस्त्री. नोझल साफ करणारा, रिंगा बदलणारा, अर्ध्या रात्री बॅटरी घेऊन रानात येणारा.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

मग आपण काय घ्यायचं?

तुम्ही सगळ्यांनी किर्लोस्कर व्हावं, असं या गोष्टीचं तात्पर्य नाही. लाखात एखादाच कारखाना काढतो. पण लक्ष्मणराव ज्या पायऱ्या चढले त्यातल्या खालच्या तीन-चार पायऱ्या परभणीतल्या कुणालाही चढता येतात.

पहिली पायरी, रेघ शिका. लक्ष्मणरावांची सगळी इमारत रेखाटनावर उभी होती. आजही नुसता पाना फिरवणारा आणि ड्रॉइंग वाचून काम करणारा यांच्या पगारात फरक पडतो. आयटीआयमध्ये ड्रॉइंगचा तास असतो आणि नेमका तोच अनेक जण बुडवतात. ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा तर स्वतंत्र ट्रेडच आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट आहे. म्हणजे आयटीआय हा शेवटचा डबा नाही, पुढच्या स्टेशनला गाडी बदलता येते.

दुसरी पायरी, वर्कशॉपमध्ये जा. आयटीआयचं सर्टिफिकेट मिळालं म्हणजे काम आलं असं नाही. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करा. त्यासाठी १९६१ चा कायदा आहे आणि त्यात विद्यावेतन मिळतं. गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली शिकत असाल तर चांगलंच आहे, पण वर्षानुवर्षं फुकट राबू नका. किती दिवसांत काय शिकवणार आणि काय देणार, हे आधी बोलून घ्या. आणि असं काम शिकलेल्यांना परीक्षा घेऊन सरकारी प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. तिला पूर्वज्ञान मान्यता किंवा सरळ आरपीएल म्हणतात. परंपरेनं लोहारकी, सुतारकी करणाऱ्यांसाठी २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना सुरू आहे. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि कमी व्याजाचं कर्ज मिळतं.

तिसरी पायरी, नवं यंत्र आधी ओळखा. लक्ष्मणराव सायकल आली तेव्हा सायकलकडं गेले, लोखंडी नांगर आला तेव्हा नांगराकडं. आज आपल्या जिल्ह्यात नवं काय येतंय ते बघा. रानोरान सौर पंप बसतायत. त्यांचा कंट्रोलर बिघडला की कोण बघणार? २०२० पासून रस्त्यावरच्या नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाले, त्यामुळं डिझेल इंजिनात सेन्सर आले आणि दोष शोधायला आता पान्याबरोबर स्कॅनर लागतो. मानवत, सेलूच्या जिनिंगमध्ये मोटरी आणि बेअरिंगं अखंड चालतात. सोयाबीनची मळणी यंत्रं, ड्रीपचे फिल्टर, दूध थंड करायची यंत्रं, सगळीकडं सांभाळणारा हात लागतो. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचं कॉलेज आहे, बैलांवर चालणाऱ्या अवजारांवरही तिथं काम झालं आहे. विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्याला गेलात तर बियाण्याच्या रांगेबरोबर अवजारांच्या दालनातही अर्धा तास घालवा.

चौथी पायरी, विकून मोकळं होऊ नका. ज्याच्याकडं मोडलेला भाग मिळतो त्याच्याकडं गिऱ्हाईक परत येतं. कामाची वही ठेवा. कुणाचं कोणतं यंत्र, काय बिघडलं, काय बदललं, किती झाले. उधारीचं पान वेगळं ठेवा, नाहीतर हात चालतात आणि दुकान बुडतं.

काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. पहिल्या दोन-तीन वर्षांत पैसा कमी मिळतो. वेल्डिंगचा उजेड डोळे खातो, ग्राइंडरची ठिणगी चष्मा नसेल तर बुबुळात जाते. विजेचं काम तारतंत्रीच्या परवान्याशिवाय करणं बेकायदा तर आहेच, जिवावरचंही आहे. उस्ताद चष्मा, हातमोजे वापरत नाही म्हणून आपणही वापरायचे नाहीत, ही मर्दानगी अजिबात नको.

आणि कॉलेजात बीए, बीएस्सी करणाऱ्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. आयटीआयला वयाची वरची अट नाही. पदवीनंतर ट्रेड शिकणं म्हणजे मागं जाणं नव्हे. इंग्रजी मॅन्युअल वाचू शकणारा, गिऱ्हाइकाशी नीट बोलणारा, हिशेब कळणारा मेकॅनिक पुढं निघून जातो. मुलींसाठीही सगळे ट्रेड खुले आहेत. यंत्राला चालवणारा हात कुणाचा हे कळत नाही, फक्त तो हात बरोबर आहे की चूक एवढंच कळतं.

निर्णय घ्यायच्या आधी एक करा. येत्या सुट्टीत आठ दिवस एखाद्या ओळखीच्या गॅरेजमध्ये, मोटर रिवायंडिंगच्या दुकानात किंवा वर्कशॉपमध्ये जाऊन बसा. पहिले दोन दिवस कंटाळा येईल, कपडे खराब होतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उघडलेल्या यंत्राकडं बघून हे असं का, असा प्रश्न तुमच्या डोक्यात आपोआप आला तर आयटीआयच्या प्रवेशाची तारीख शोधा. नाही आला तरी काही बिघडलं नाही, आठ दिवसांत एक वाट आपली नाही हे तरी कळलं. लक्ष्मणरावांनाही आपली वाट चित्रकलेच्या वर्गातच कळली होती, रंग चुकल्यावर.